काळे-गोरे, आपण आणि भाड्याची खोली

बाळीवेस

"ओबामा निवडून येऊन इतकी वर्षं झाली, अजून काय पाहिजे तिकडच्या काळ्या लोकांना?" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, सोसायटीच्या गणपतीत ऐकलंय. बोलणारी माणसं दुष्ट नसतात हो, चांगली शिकली-सवरलेली असतात, त्यांना मनापासून वाटतं की २००८ साली तो विषय मिटला. आणि त्याच माणसांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याकडं तरी आता कुठं राहिलीय जातपात, आम्ही ऑफिसात सगळे एकत्र डबा खातो." ही दोन वाक्यं कायम जोडीनं येतात म्हणून हा धागा काढतेय.

जे बदललं ते मोठंच होतं, ते आधी म्हणते, कारण ते कमी लेखलं तर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यावर अन्याय होईल. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स बसमधल्या सीटवरून उठल्या नाहीत आणि तिथले काळे लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. त्यात लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या किती बायका असतील बघा, थंडी-पावसात चालत कामाला जायच्या आणि चालत परत यायच्या. मग १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मतदानाचा, आणि १९६७ ला काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी कोर्टानं उठवली. म्हणजे माझी आई शाळेत जात होती तेव्हा अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत असं लग्न गुन्हा होता! तिथून व्हाइट हाऊसपर्यंतचा रस्ता एका माणसाच्या आयुष्यात कापला गेला, हे थोडं नाही.

मग गाडी अडली कुठं? माझ्या मते घरात. १९३० च्या दशकात तिकडं सरकारी संस्थेनं शहराशहरांचे नकाशे काढले, त्यात काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या, म्हणजे तिथं कर्ज देणं धोक्याचं. महायुद्धाहून परत आलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्जाची योजना आली, ती कागदावर सगळ्यांना होती पण काळ्या सैनिकाला बँकेनं उभंच केलं नाही. आता मध्यमवर्गीय माणसाची सगळी पुंजी घरातच असते ना, तिथं काय नि इथं काय. बापाचं घर झालं की त्यावर पोराचं शिक्षण होतं, धंदा होतो. बापालाच घर मिळालं नाही तर पुढच्या तीन पिढ्या भाडं भरत बसतात. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत अगदी मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. कायदे होऊन अर्धशतक उलटल्यावरचा हा आकडा आहे.

आता आपल्या सोलापुरात या. मी कॉलेजात शिकवते, बाहेरगावच्या मुलींना खोली शोधून द्यायचं काम हळूहळू माझ्याकडंच आलंय. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, पार इंडी-विजापूरकडच्या पण मुली येतात. फोन कसा होतो ते जसंच्या तसं लिहिते.

"खोली आहे ना?"
"आहे की मॅडम, मुलींनाच द्यायचीय, सेफ एरिया आहे, पाण्याचा प्रॉब्लेम नाही."
"भाडं किती?"
सगळं सांगतात. डिपॉझिट, लाईटबिल, गेट किती वाजता बंद. मग मी मुलीचं नाव सांगते, नुसतं पहिलं.
"आडनाव काय म्हणालात?"
आडनाव सांगितलं की दोन-तीन सेकंद काही आवाज नाही. मग, "मिसेसला विचारून कळवतो."

तो फोन परत येत नाही. सगळ्यांचं असं नाही, खूप चांगली घरं मला माहितीयत. पण हे इतक्यांदा झालंय की त्या शांततेवरूनच मला उत्तर कळतं. बाजूला उभी असलेल्या मुलीलाही कळतं. ती म्हणते, "जाऊ द्या मॅडम, दुसरं बघू." एकोणीस वर्षांच्या मुलीनं मला धीर द्यायचा, हे मला सहन होत नाही.

तर विचारायचंय ते हे, की तुम्ही तुमच्या आसपास काय बघता आणि कोण काय करतं? भाषण नको, प्रसंग सांगा. मोठी आंदोलनं ज्यांनी केली त्यांनी केली, पण हा "मिसेसला विचारून कळवतो" कुठल्या कायद्यानं जाणार ते मला कळत नाही.


साधा_माणूस

मॅडम तुमची तळमळ कळाली, पण दुसरी बाजू पण बघा. घर त्या माणसानं आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेलं असतं, खाली स्वतः राहतो, वर दोन खोल्या काढतो. आपल्या घरात कोण राहावं हे ठरवायचा हक्क त्याला नाही का? नॉनव्हेज चालत नाही, रात्री उशीर चालत नाही, हे पण म्हणू नये का त्यानं? अमेरिकेतली गुलामगिरी आणि सोलापुरातला घरमालक एका तागडीत घालणं मला तरी पटत नाही. मी स्वतः कुणाची जात विचारत नाही आणि माझ्या दुकानात सगळे येतात.


बाळीवेस

नॉनव्हेजचं सांगा की खुशाल, उशिराचं सांगा, मुली पाळतात, लेखी पण देतात. मी ज्या फोनचं सांगितलं त्यात मुलगी काय खाते हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि गुलामगिरी कुठं म्हटलं मी? गुलामगिरी १८६५ ला संपली तिकडं. नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत जे उरलं त्याच्याबद्दल बोलतेय, ते दोन्हीकडं बरंच सारखं दिसतं.


कॅरोलिनातला_सोलापूरकर

धागा वाचून राहवलं नाही, नाहीतर मी नुसता वाचणारा. बालपण सगळं सोलापुरात, आता बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलिनात आहे. इथून जवळच ग्रीन्सबरो म्हणून गाव आहे. १ फेब्रुवारी १९६० ला चार काळी कॉलेजची पोरं तिथल्या वूलवर्थ दुकानात गेली, वह्या-पेस्ट वगैरे विकत घेतली आणि मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. सामान विकत घ्यायला चालायचं, पैसे चालायचे, स्टुलावर बसून कॉफी प्यायला मात्र बंदी. कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी अजून पोरं आली, मग अजून, मग शहराशहरात हेच सुरू झालं. त्या इमारतीत आता म्युझियम आहे, तो काउंटर आहे, स्टुलं आहेत. पोरांना घेऊन गेलो होतो. धाकटीनं विचारलं की वह्या विकल्या मग कॉफी का नाही दिली. मला त्या क्षणी आपल्याकडचं वेगळं ठेवलेलं कप-बशीचं जोड आठवलं, गावाकडं हॉटेलच्या बाहेर भिंतीच्या कोनाड्यात असायचं, ज्याचं त्यानं धुवून ठेवायचं. तिला ते पण सांगितलं.

साधा_माणूस यांच्या मुद्द्यावर. इथं १९६८ ला घरांचा कायदा झाला, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या ४ एप्रिलला झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात तो पास झाला. वंशावरून घर नाकारायचं नाही. गंमत म्हणजे तुम्ही म्हणता तो मुद्दा तेव्हाही निघाला होता, म्हणून मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला त्या कायद्यातून सूट दिली. पण त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं १८६६ चा एक जुना कायदा उघडला आणि सांगितलं की वंशावरून घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला नकार देता येत नाही, खाजगी मालकालाही नाही. म्हणजे या वादाला तिकडं एक उत्तर मिळालेलं आहे. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत, भाड्याच्या खोलीचं नाव नाही.

आता आपल्या लोकांबद्दल लिहितो, कारण हे इथल्या देशी ग्रुपवर लिहिलं की लोक ग्रुप सोडतात. आपण इथं आलो ते कुणामुळं? १९२३ साली भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसाला इथल्या सुप्रीम कोर्टानं तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. हा माणूस अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला. १९४६ नंतर भारतातून वर्षाला १०० जणांना यायची परवानगी होती, आख्ख्या देशातून १००! दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो कायदा झाला त्या काळ्यांच्या चळवळीनं तापवलेल्या हवेत. आमच्या नोकऱ्या, घरं, ग्रीन कार्डं सगळी त्यांच्या पाठीवरच्या वळांवर उभी आहेत असं मी मानतो. आणि नवीन मराठी कुटुंब आलं की ग्रुपवर पहिला सल्ला काय मिळतो, "त्या साईडला घर बघू नका, तिकडचं क्राऊड बरोबर नाही." क्राऊड म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, काळ्या, सत्तरीच्या पुढच्या. आम्ही नवीन होतो, बायकोचे दिवस भरत आलेले, इकडं आमचं कुणी नाही. त्या स्वतः आल्या, रात्री-अपरात्री कधीही दार वाजवा म्हणाल्या, आणि खरंच मध्यरात्री थोरल्याला त्यांच्याकडं झोपवून आम्ही हॉस्पिटलला गेलो. पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी सांगितलं, त्यांचे वडील महायुद्धात होते, परत आल्यावर कर्जासाठी बँकेत गेले ते रिकाम्या हातानं आले, शेवटपर्यंत भाड्यानं राहिले. आजी स्वतः पन्नाशीत पहिल्या घराच्या मालकीण झाल्या. आमच्या सोसायटीत पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा कोण काय बोललं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण नवीन आलेल्या माणसाकडं आधी आपण जायचं, हा त्यांचा नियम कुठून आला असेल ते कळतं.


जुनी_मिल

चांगला धागा. आमचे वडील मिलमध्ये साचा, म्हणजे माग चालवायचे, त्यामुळं कापसाचं सांगतो. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, तो कापूस काळे गुलाम वेचायचे. मग इंग्रजांनी आपल्याकडचा कापूस उचलला, मुंबईत भाव आभाळाला भिडले, त्या पैशातून पुढं गिरण्या निघाल्या. आपल्या सोलापुरात पहिली मिल १८७७ ची. तेव्हा जगाच्या एका टोकाला बेड्या तुटत होत्या आणि दुसऱ्या टोकाला भोंगा वाजायची तयारी चालली होती, हे शाळेत कुणी जोडून शिकवत नाही.

ज्यानं हे तेव्हाच जोडून बघितलं तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना सोडवण्यासाठी जो त्याग केला त्याबद्दल. पुण्यात बसून! फोन नाही, टीव्ही नाही, आणि या माणसाला तिकडचं दुःख आपलं वाटलं. नंतर १९४६ ला बाबासाहेबांनी तिकडचे काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिलं, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज करतायत असं कळलं, त्याची प्रत मिळेल का, आम्हालाही तसं करायचंय. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, ते नाव पण तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. म्हणजे साधा_माणूस, तागडी एक आहे असं ज्यांनी दोन्हीकडं सोसलं तेच सांगत आलेत, मॅडमनी नवीन काही काढलेलं नाही.

खोलीवरून अजून एक. १९२५ ला बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढलं ते कुठं? आपल्या सोलापुरात. नगरपालिका त्याला मदत द्यायची. मुलगा शिकायला शहरात आला तर झोपणार कुठं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी त्यांना दिसला होता. मॅडम आज तोच प्रश्न घेऊन फोन करतायत.


पार्क_चौक

लई भारी चाललंय, मी पण एक सांगतो. मागं आमच्या दोस्ताच्या लग्नाला पुण्याहून त्याचे दोन क्लासमेट आल्ते, सुदानचे. उंचपुरी पोरं, एकदम शांत. हॉलमध्ये शिरल्यापास्नं लोकं फोटो काढूलालेत, विचारायचं नाय काय नाय, बारकी पोरं केसाला हात लावूलालेत आणि आई-बाप हसूलालेत. ती बिचारी पण हसूलालेत, करणार काय. माझं डोकं फिरायलं पण लग्नघर, कुणाला बोलणार.

तेवढ्यात नवरदेवाची आजी उठली. नव्वदीला टेकलेली बाई, नऊवारी, हातात काठी. सरळ त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मला म्हणली, "विचार त्यांना, आई कशी हाय म्हणावं." मी विचारलं. एकाची आई होती, दुसऱ्याची गेलेली. आजीनं ज्याची आई गेली त्याच्या हातावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग ताटं आली तर त्यांना दाखवलं कडक भाकरी कशी चुरायची, आमटी किती घालायची, चटणी जपून, तिखट हाय. कुणीतरी परत मोबाईल काढला तर म्हणली, "जेवू द्या की रे पावण्यांना. मग इचारून काढा काय काढायचं ते." नंतर एक माणूस पुढं आला नाय न विचारता.

रात्री ती पोरं गच्चीवर बोलत बसली तेव्हा कळलं, पुण्यात फ्लॅटसाठी किती फिरले. फोनवर इंग्लिश ऐकून हो म्हणायचे आणि दारात बघून नाही. एकानं तर दार अर्धंच उघडलं म्हणे. तेव्हा मला आपले डॉ. कोटणीस आठवले. सोलापूरचा पोरगा, १९३८ ला चीनला गेला, पाच डॉक्टर गेल्ते त्यातला एक, बाकीचे परतले आणि हा राहिला, तिथल्या जखमी सैनिकांचं केलं, तिथल्याच बाईशी लग्न केलं, १९४२ ला गेला तेव्हा वय ३२. त्या परक्या गावात त्याला लोकांनी घरचा मानला म्हणून तो राहिला असणार ना? आपल्या गावात त्यांचं स्मारक हाय, आपण पोरांना दाखवतो, आणि दुसऱ्या देशाचं लेकरू आलं की दार अर्धं उघडतो.


विडी_घरकुल

पार्क_चौक दादा, आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्ही घरी तेलुगू बोलणारे, आई विड्या वळायची, मी आता हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पेशंटचं नाव लिहिताना आडनावाकडं बघून काही जणांचा आवाज बदलतो ते मी रोज ऐकते. "ए, इकडं ये" आणि "काकू, इकडं बसा" यात काही पैसे लागत नाहीत. मी सगळ्यांना काकू-काका म्हणते. अमेरिकेत पण बाळंतपणात काळ्या बायका गोऱ्या बायकांपेक्षा अडीच-तीन पट जास्त दगावतात असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, आणि शिकलेल्या, पगारदार बायकांमध्येही तो फरक राहतो. दुखतंय म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही, हे एक कारण सांगतात. ते ऐकल्यापासून दुखतंय म्हणणाऱ्या बाईला मी दोनदा विचारते.


तारेपलीकडे

सगळ्यांचं वाचलं. बोलू का नको असं करत शेवटी लिहितोय.

मी सेटलमेंटचा. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही, समोरच्याचा हात आपोआप खिशाकडं जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला आणि काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा कितीतरी. पोटातलं पोर पण गुन्हेगार. सोलापुरात तारेचं कुंपण घालून त्यात आमच्या लोकांना ठेवलं, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, आणि दिवसा मिलमध्ये काम. जुनी_मिल काका, तुमच्या वडिलांच्या शेजारच्या साच्यावर आमचा कुणीतरी असेल. देश १९४७ ला सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो, बाहेर फार कुणाला माहीत नसतो.

तार गेली, पण नाव वस्तीला चिकटलं ते चिकटलंच. पत्त्यात सेटलमेंट फ्री कॉलनी लिहिलं की नोकरीचा फोन येत नाही, लोन अडकतं, चोरी झाली की पहिली गाडी आमच्याकडं. तो लाल नकाशा मॅडमनी सांगितला ना, आमचा नकाशा लोकांच्या डोक्यात आहे.

मला एक स्पष्ट बोलायचंय. इथं माणुसकी, आपुलकी चाललंय ते चांगलंच आहे, पण दया आली की मला भीती वाटते. दया करणारा माणूस वरूनच बघतो. "बिचारे" म्हणणारे खूप भेटलेत, शेजारी घर देणारे नाही. आरक्षण नसतं तर मी इंजिनिअर झालो नसतो, त्यात कुणाच्या चांगुलपणाचा वाटा नाही, तो कायद्याचा वाटा आहे. अमेरिकेत पण गोऱ्यांना एक दिवस प्रेम आलं आणि त्यांनी बसमध्ये जागा दिली असं झालेलं नाही. ३८१ दिवस चालले तेव्हा मिळाली.

तरी एक प्रसंग सांगतो, कारण तो मी विसरू शकत नाही. पाचवी-सहावीत असेन. वर्गात एकाची कंपासपेटी हरवली, नवीन होती. सगळ्या वर्गाच्या माना माझ्याकडं वळल्या, कुणी बोललं नाही, नुसत्या माना वळल्या. मी दप्तर घेऊन उभा पण राहिलो, कारण हे आधीही व्हायचं, सवय होती. बाई म्हणाल्या, बस खाली. मग स्वतःची पर्स टेबलावर उलटी केली. रुमाल, चिल्लर, बसचा पास, औषधाची पट्टी, सगळं सगळ्यांसमोर. "माझ्यापासून सुरू करू. मग पहिला बाक, मग दुसरा, ओळीनं." माझा बाक पाचवा होता. पेटी तिसऱ्या बाकावर, ज्याची होती त्याच्याच मित्राच्या दप्तरात निघाली, चुकून गेलेली. बाई एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत, गणित पुढं चालू. मला जवळ घेतलं नाही, समजूत काढली नाही. रांगेत माझा नंबर जिथं होता तिथं ठेवला. मला लोकांकडून एवढंच पाहिजे असतं.


कॅरोलिनातला_सोलापूरकर

तारेपलीकडे, तुमचं वाचून न्यू ऑर्लिन्सची रूबी ब्रिजेस आठवली. १९६० ची गोष्ट, सहा वर्षांची काळी मुलगी, गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, भोवती सरकारी मार्शल, बाहेर मोठी माणसं शिव्या देत उभी. गोऱ्या आईबापांनी आपली पोरं काढून नेली, तिला शिकवायला शाळेत एकच बाई तयार झाल्या, बार्बरा हेन्री. वर्षभर त्या रिकाम्या वर्गात एकटीला शिकवलं, गणित, वाचन, सगळं, जसं भरलेल्या वर्गाला शिकवतात तसं. पण तुमचा मुद्दा तिथंही खराच आहे, कोर्टाचा निकाल आणि मार्शल नसते तर ती मुलगी त्या बाईंपर्यंत पोचलीच नसती.


बाळीवेस

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं असेल तर ते तारेपलीकडे यांनी. मी कायदा का माणुसकी असं विचारत होते, ते चुकीच्या जागी बोट ठेवणं होतं असं नाही, पण तुमच्या बाईंनी दोन्ही एका वेळी केलं. नियम सगळ्यांना लावला आणि स्वतःपासून लावला. आता फोनवर मी मालकांना आधीच सांगत जाणार, की नाव-आडनाव ऍग्रीमेंटच्या दिवशी आधारकार्डावर दिसेल, आधी तुमच्या अटी सांगा, मुलगी पाळेल का नाही ते मी सांगते. जे त्याला तयार नाहीत त्यांचा नंबर माझ्या यादीतून बाहेर, मग त्यांच्याकडं कुठल्याच मुलीला पाठवणार नाही, कुठल्याही आडनावाच्या. कॉलेजच्या आसपास वर्षाला बऱ्याच मुली खोल्या शोधतात, मालकांनाही भाडेकरू लागतातच.


साधा_माणूस

कायद्याची सक्ती घरात यावी असं मला अजूनही वाटत नाही, तिथं आपलं जुळायचं नाही. पण शेवटचा उपाय चांगला आहे, त्यात जबरदस्ती नाही. आमच्या व्यापारी ग्रुपवर बरेच जण खोल्या देणारे आहेत, मॅडमना चालणार असेल तर अटींची यादी करून द्या, मी टाकतो. तारेपलीकडे साहेब, तुमच्या बाई अजून आहेत का?


तारेपलीकडे

आहेत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ३१ ऑगस्टला आमच्याकडं कार्यक्रम असतो, दरवर्षी येतात, खाली सगळ्यांत बसतात. या तुम्ही पण.


विडी_घरकुल

बाळीवेस मॅडम, आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली या महिन्यात रिकामी होतेय, दोन मुली आरामात राहतील. संडास-बाथरूम आत, पाणी दिवसाआड तासभर येतं पण टाकी मोठी आहे. कॉलेजला सिटीबस मिळते. आई म्हणते डिपॉझिट एक महिन्याचं पुरे. अट एकच, रात्री माझी ड्युटी असते तेव्हा आईला काही लागलं तर एक हाक द्यायची. आडनाव नाही विचारलं हं.


बाळीवेस

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मंगळवेढ्याच्या दोघी आहेत, एक बीएस्सी दुसऱ्या वर्षाला, एक पहिल्या. रविवारी सकाळी दहाला घेऊन येते, आईंना सांगून ठेवा. आणि साधा_माणूस, यादी उद्या टाकते, भाडं आणि भाग लिहायला जागा सोडते.